कडक बुश

"हे बघा ताई," म्हणत मगदूमनं पहार गाडीच्या पोटात घातली आणि जरा रेटली. मागची दोन्ही चाकं आणि त्यांच्यामधला सगळा लोखंडी सांगाडा एका बाजूला सरकला आणि धप्पकन जागेवर आला. गाडी वर टांगलेली होती आणि आम्ही दोघं तिच्याखाली मान वर करून उभे होतो.

"हा पाळणा. पुस्तकात सबफ्रेम म्हणतात, आम्ही आपला पाळणा म्हणतो. मागची चाकं या पाळण्यात, आणि पाळणा चार बुशांवर गाडीला टांगलेला. तुमचे चारी बुश गेलेत."

"बुश म्हणजे रबरच ना?"

"रबर होतं. आता सुपारी झालीय." त्यानं स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं तसा काळा भुगा माझ्या चपलेवर पडला. "रस्त्याचा धक्का थोडा चाकानं खायचा, थोडा बुशानं. बुशच मेला तर कुणी खायचा? आत बसलेल्यानं."

आत बसलेले म्हणजे आमचे आप्पा. ते गॅरेजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर मिरजेच्या दवाखान्यातली रिपोर्टची पिशवी, कपाळावर टाके, डोळे लालभडक. आम्ही मिरजेहून इचलकरंजीला परत निघालो होतो आणि जयसिंगपुरात गाडीचं बूड इतकं डुलायला लागलं, की मी दिसेल त्या पहिल्या गॅरेजात ती घातली.

"किती लागतील?" मी विचारलं.

"बुशाचं सांगू का मजुरीचं?"

"दोन्ही सांगा."

"बुशाचं चौकशी करून फोनवर सांगतो. मजुरी मात्र बसून ऐका. पाळणा सगळा खाली घ्यायचा. त्यासाठी सायलेन्सर काढा, ब्रेकच्या नळ्या काढा, शाफ्ट सोडवा. जुने बुश जाळून काढायचे, नवे प्रेसवर बसवायचे, परत सगळं वर. त्यावर अलाइनमेंट. बुश तळहातावर मावतो, पण त्याच्यासाठी अर्धी गाडी खोलायची. बारा हजार मजुरीच झाली बघा."

पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपनं याच कामाचे पंचावन्न हजार सांगितले होते आणि मी 'विचार करून कळवते' म्हणून तिथून पळ काढला होता. गाडीच मुळात दोन लाखांची. आमच्या विमा कंपनीतल्या साहेबांनी विकायला काढली तेव्हा मी ती घेतली, ती केवळ जर्मन आहे म्हणून आणि दारात उभी केली की शेजाऱ्यांनी बघावं म्हणून. नवऱ्यानं तिचं नाव पांढरा हत्ती ठेवलं होतं. गाडी पांढरीच होती, त्यामुळे मला भांडताही येईना.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," मी म्हटलं.

"असू द्या की. गाडी कडक घेतलीय तुम्ही," मगदूम म्हणाला आणि मला लगेच बरं वाटलं.

मगदूम चाळिशीचा, बोलका गडी होता. भिंतीवर धुरळ्यातून उडणाऱ्या गाड्यांचे फोटो होते आणि त्यातल्या दोन गाड्यांत आपणच बसलोय असं त्यानं न विचारता सांगितलं होतं. त्याच्या तोंडात विशेषण एकच. समोरच्या टपरीचा चहा कडक, मुलीला दहावीत पडलेले मार्क कडक, सांगलीच्या भेळेतली चटणी कडक. आमच्या भागात ही सवय सगळ्यांनाच आहे. जे उत्तम ते कडक.

आप्पांना उठवायला गेले तर ते टक्क जागेच होते. म्हणजे झोप नव्हतीच. दोन महिने झाले, ती नव्हतीच.

आमचं घर इचलकरंजीचं, म्हणजे मागाचं. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं कापडाचे आठ यंत्रमाग होते आणि माझ्या जन्माच्या आधीपासून ते चालत होते. त्या आवाजाला आम्ही आवाज म्हणत नसू. आमच्या फडताळातली भांडी दिवसभरात पुढं पुढं सरकत कडेला यायची आणि संध्याकाळी आई हातानं ती परत मागं लोटायची. तांब्यातल्या पाण्यावर कायम बारीक गोल उठलेले असायचे. घरातलं प्रत्येक माणूस ओरडूनच बोलायचं. पुण्याच्या ऑफिसात सुरुवातीला लोकांना वाटायचं, ही बाई फोनवर कुणाशी तरी भांडतेय. शिवाय आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी करतो' म्हणतात. पुण्यात राहून माझं ते सुटलं, पण इचलकरंजीची कमान दिसली की जीभ आपोआप वळते.

आप्पांची झोप ही गल्लीत चेष्टेचा विषय होती. मागावरची पाळी करून आले की माजघरात, त्या भिंतीलाच डोकं लावून ते पडत आणि आठ मागांच्या खडखडाटात घोरत. पण एक माग थांबला, की सात चालू असले तरी जागे होत आणि डोळे न उघडता आतूनच विचारत, "कांडी संपली काय रे?" कांडी म्हणजे मागात इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसते ती आडव्या सुताची गुंडाळी. ती संपली की माग थांबतो. पलीकडनं कुणीतरी "भरतोय, आप्पा" म्हणे, आणि आप्पा कुशीवर वळून परत घोरायला लागत.

साधे माग पुढं पुढं परवडेनात. दिवाळीनंतर माझ्या धाकट्या भावानं, चिदानंदनं, आठही माग विकले. ते वजनावर भंगारात गेले. भांडण काही झालं नाही, आप्पांनीच सांगितलं होतं, "विक. लोखंड हाय ते, सोनं न्हवं." चिदूला औद्योगिक वसाहतीत नव्या ऑटोलूम मागांवर सुपरवायझरची नोकरी लागली, पगार बरा होता. आणि आप्पांची झोप गेली.

पहिले काही दिवस आम्ही म्हटलं, होईल सवय. मग गोळ्या झाल्या. गोळ्यांनी झोप येईना, नुसती चक्कर यायला लागली आणि ते न्हाणीच्या दारात पडले. तेव्हाचे ते टाके. गोळ्या बंद केल्या तर जेवण कमी झालं. काठीसारखा सरळ माणूस वाकला. आईनं मला फोन केला, "ये बाई तू. हे ऱ्हात न्हाईत बघ आता." मी रजा टाकून गाडी काढली.

मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. रिपोर्टमध्ये काही नव्हतं. "मनाला लागलंय," ते म्हणाले. "घरात शांतता ठेवा. गुरुवारी परत आणा. तोपर्यंत झोप लागली नाही तर भरती करून घेऊ. या वयात हृदय किती दिवस असं ओढणार?"

शांतता ठेवायचं मी मनावर घेतलं. मी थोरली, शिवाय पुण्याहून आलेली, त्यामुळे माझं ऐकतात. भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. मिक्सरला बंदी घातली. भाजीवालीला सांगितलं, ओरडायचं नाही, कडी वाजवायची. रस्त्याकडच्या खिडकीच्या फटीत जुन्या साड्या कोंबल्या. शेजारच्या म्हेत्र्यांचे माग अजून चालू होते, त्यांना शेडचं दार लावून घ्यायला लावलं. फोन आला तर बाहेर जाऊन बोलायचं, असा नियम केला आणि तो मलाच सगळ्यात जास्त जाचला. एवढं करूनही आप्पा पलंगावर स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या माणसासारखे टक्क डोळ्यांनी बसून असत.

"कसली काळजी वाटते तुम्हाला?" मी त्यांना विचारलं.

"काळजी कसली?"

"मग?"

"काय न्हाई गं. पाठ टेकली की वाटतंय, खाली कायच न्हाई."

मी त्याचा अर्थ असा लावला की धंदा गेला, पायाखालची जमीन गेली. त्यांना सांगितलं, चिदूचा पगार आहे, मी आहे, तुम्हाला काही कमी पडणार नाही. ते "व्हय की" म्हणाले आणि छताकडं बघत राहिले.

चिदूकडं मात्र बघवेना. तो जेवायला आप्पांच्या पंगतीला बसत नव्हता. शिफ्टचं निमित्त सांगायचा. आमच्या मावशीनं भरल्या घरात त्याला ऐकवलं होतं, "बापाची झोप भंगारात घातलीस रे." एकदा मी परसात कपडे वाळत घालत होते, तर हा जवळ येऊन उभा राहिला.

"आक्का, आप्पा माझ्यावर रागावलेत काय?"

"त्यांनीच सांगितलं ना विक म्हणून?"

"सांगितलं. पण बाप सांगतोय एक आणि त्याला वाटतंय एक." त्यानं एक चिमटा उचलला आणि परत टोपलीत टाकला. "त्यांना काय झालं, तर मी तोंड कुठं दाखवू?"

मी म्हटलं, "गुरुवारी सुट्टी काढ. तूही चल मिरजेला."

म्हणून मला ती गाडी गुरुवारच्या आत नीट करून हवी होती. माझा हिशेब साधा होता. पुण्यातल्या मैत्रिणींची पोरं घरात झोपत नाहीत, पण गाडीत बसली की पेंगतात. गाडी लोण्यासारखी मऊ चालली, एक दणका बसला नाही, तर कदाचित आप्पांना वाटेत डुलकी लागेल. एक डुलकी लागली, तर भरती टळेल. मी गाडी परत जयसिंगपूरला मगदूमकडं नेऊन लावली आणि एसटीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. माझाच नियम असल्यामुळे मी तो घेऊन गल्लीत पळाले आणि नेमकी म्हेत्र्यांच्या शेडच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले, कारण रेंज तिथंच येते. आत बारा माग चालू होते.

"ताई, बुश दोन तऱ्हेचे मिळतात," मगदूम म्हणाला. "एक साधे, गाडीला होते तसलेच. आणि एक कडक."

"कितीचे?"

"साधे नऊ हजार. कडक अठरा. बाहेरून येतात. परत आयुष्यात बघायला नको."

बरोबर दुप्पट. अठरा आणि बारा मिळून तीस, म्हणजे दोन लाखांच्या गाडीला. क्षणभर नवऱ्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं. मग आप्पांच्या कपाळावरचे टाके आले.

"कडकच टाका," मी म्हटलं.

"नक्की ना?" आणि पुढं "आवाज वाढ" असं काहीतरी. बाकीचं मागांनी खाल्लं. शेडच्या खिडकीखाली उभं राहून फोन केला, की समोरचा माणूस 'आवाज वाढवा' याशिवाय दुसरं काय म्हणणार? मी आवाज वाढवला. तोंडाशी हात धरून अशी ओरडले, की आतले दोन कामगार खिडकीतून बघायला लागले.

"कडक टाका म्हणतोय मी! एकदम कडक!"

"बरं ताई," मगदूम म्हणाला. "मग कडक."

बुधवारी दुपारी गाडी आणायला गेले. मगदूमनं जुने बुश एका थाळीत काढून ठेवले होते, जळलेल्या भाकरीचे तुकडे दिसावेत तसे. पैसे दिले, गाडी घेतली. गावाबाहेर पडेपर्यंत मी खूश होते. बूड डुलायचं थांबलं होतं, वळणावर गाडी पट्टीनं आखल्यासारखी सरळ जात होती. तीस हजार सार्थकी लागले असं स्वतःशी म्हणून मी यड्रावच्या रस्त्याला वेग वाढवला.

तिथं सुरू झालं. आधी सीटखालून नुसतं गुंजन. मग ते पाठीच्या मणक्यातून वर चढलं, मग स्टिअरिंगमध्ये आलं. दाराच्या खणातली चिल्लर वाजायला लागली. पाण्याची बाटली बाजूला ठेवली होती, ती हळूहळू सरकत कडेला आली. साठच्या वर तर अख्खी गाडी एका सुरात थरथरायला लागली. मी गाडी बाजूला घेतली आणि मगदूमला फोन लावला.

"काय घातलंय तुम्ही हे? गाडी हादरतेय सगळी!"

"हादरणारच की ताई. कडक बुश हायत."

"अहो, मी चांगले घाला म्हटलं होतं!"

"चांगलेच हायत. रेसच्या गाडीला घालतात हे. रबर दबतंय, हे दबत न्हाई. म्हणून तर कडक."

"मला वाटलं, कडक म्हणजे..." मला पुढं शब्द सापडेना. "कडक."

पलीकडं मगदूम हसायला लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही; जे आठवतं ते लिहिण्याजोगं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मी सांगितलंवतं ताई, आवाज वाढेल म्हणून. तुम्ही आणि जोरात ओरडला, कडकच टाका. मला वाटलं, बाईला गाडी पळवायचा नाद दिसतोय." मग तो नरमला. "माझंबी चुकलं. म्हाताऱ्या माणसाला बघितलंवतं मी, परत विचारायला पायजे होतं. असं करू. रबरी मागवतो, पुढच्या आठवड्यात बदलून देतो. हे बुश परत घेतो. पण पाळणा परत उतरवायचा म्हणजे मजुरी परत आली."

"अर्धी घ्या."

"अर्धी घेतो."

पण गुरुवार उद्यावर आला होता. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. तीस हजारांसाठी नव्हे. मला काही करायचं होतं आप्पांसाठी, आणि त्या घरात माझ्या हातात करण्यासारखं एवढं एकच होतं, आणि तेही मी तोंडानं घालवलं होतं.

दुसरी गाडी मिळते का म्हणून चिदूनं सकाळी चार ठिकाणी विचारलं. लग्नसराई होती, सगळ्या बाहेर गेलेल्या. शेवटी हीच काढली. आप्पांना चिदूनं आणि मी धरून मागच्या सीटवर बसवलं. हात लावला तर दंडाची हाडं लागत होती. आई त्यांच्या शेजारी बसली, पिशवीत तांदळाची पेज आणि पाण्याची बाटली घेऊन. चिदू पुढं माझ्या बाजूला. बापलेकात "बसलात का नीट?" आणि "हं" एवढंच बोलणं झालं.

"आप्पा, गाडी जरा हादरते," मी आधीच सांगून टाकलं. "सोसा आजच्या दिवस."

गावात हळू होतं तोवर ठीक होतं. यड्राव मागं टाकलं आणि वेग घेतला तशी गाडीनं सुरुवात केली. चिल्लर वाजायला लागली. चिदूनं सीटवर हात टेकला, काढला, परत टेकला.

"आक्का, गाडी हाय का माग?"

"थट्टा नको," मी म्हटलं. "त्या मगदूमचं थोबाड फोडतो मी."

मी दात आवळून चालवत होते. प्रत्येक थरथरीबरोबर मला आप्पांची ती हाडं आठवत होती. आरशात बघायचं धाडस होईना. जयसिंगपूर गेलं. मगदूमच्या गॅरेजकडं मी मान वळवूनही बघितलं नाही. अंकलीच्या पुलाच्या अलीकडं माझ्या खांद्यावर आईचा हात पडला. मला वाटलं, आप्पांना उलटी होतेय. मी ब्रेककडं पाय नेला.

आईनं खांदा घट्ट धरला आणि कानाशी येऊन म्हणाली, "थांबू नको."

मी आरशात बघितलं. आप्पांची मान मागं टेकली होती. तोंड उघडं होतं. छाती वर-खाली होत होती, संथ, आणि त्या घरघरीतूनही मला ते ऐकू आलं. आप्पा घोरत होते.

पूल गेला. कुणी श्वासही मोठा घेत नव्हतं. मिरज आलं, तशी रहदारीत गाडी हळू करावी लागली. थरथर कमी झाली आणि आप्पांच्या पापण्या हलल्या. दवाखान्याचं फाटक समोर दिसत होतं.

"चालव गं," आई म्हणाली.

"अगं, नंबर लावलाय. डॉक्टर..."

"डॉक्टर कुठं जातोय? चालव तू."

मी दवाखाना मागं टाकला आणि म्हैसाळच्या रस्त्याला लागले. मोकळा रस्ता मिळाला तसा काटा परत साठावर नेला, तशी गाडी परत तिच्या सुराला लागली. आप्पांची मान आईच्या खांद्यावर कलली. चिदू सीटवरच मागं वळून त्यांच्याकडं बघत होता, कितीतरी वेळ. मग पुढं वळला आणि त्यानं समोरच्या डॅशबोर्डवर तळहात सपाट ठेवला. मागाच्या चौकटीवर हात ठेवून तो नीट चालतोय का बघतात, तसा.

"आक्का," तो अगदी हळू म्हणाला, "साठावरच ठेव. आपलं माग असंच चालायचं."

मी त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरले होते.

"आवाज न्हवं गं," तो म्हणाला. "म्हेत्र्याचा आवाज येतोयच की घरात. ही थरथर. भिंतीतनं यायची ती. पलंग हलायचा आपला."

आईनं मांडीवरची बाटली उचलून माझ्या आरशासमोर धरली. पाण्यावर बारीक बारीक गोल उठत होते. मग तिनं ती परत मांडीवर ठेवली. पाठ टेकली की खाली कायच न्हाई, असं आप्पा म्हणाले होते. त्यांनी अगदी सरळ सांगितलं होतं. मी घड्याळं बंद करत बसले होते.

म्हैसाळच्या अलीकडं पेट्रोलचा दिवा लागला. मी तो दिसला नाही असं करून बरंच अंतर काढलं. शेवटी पंप आला आणि चिदूनं मान हलवली. काही इलाज नव्हता. मी शक्य तितक्या हळू गाडी आत घेतली आणि किल्ली फिरवली. थरथर थांबली. ती शांतता मला आजही आठवते, इतकी ती वाईट होती.

चिदू खाली उतरून टाकीचं झाकण काढत होता. मागची काच उघडी होती. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. कपाळाला नुसती आठी पडली आणि पूर्वीच्या, मागावरच्या आवाजात ते म्हणाले, "कांडी संपली काय रे, चिदू?"

पंपावरचा माणूस पाइप हातात धरून आमच्याकडं बघत राहिला. चिदूचा हात झाकणावरच थांबला होता. मग तो खिडकीशी येऊन वाकला.

"व्हय आप्पा," तो म्हणाला. "भरतोय. झोपा तुम्ही."

"हं," म्हणून आप्पा कुशीवर वळले.

आम्ही त्या दिवशी कागवाडच्याही पुढं कर्नाटकात जाऊन ऊन कलताना घरी आलो. ती गाडी मी पुण्याला परत नेली नाही. चिदू शिफ्ट संपवून आला की आप्पांना घेऊन निघायचा, नांदणी, शिरोळ, कुरुंदवाड, नाही तर कुठंच नाही. मावशीला आईनं काय सांगितलं माहीत नाही, पण ती नंतर चिदूसाठी धपाटे घेऊन आली होती. पाडव्याला चिदूनं म्हेत्र्यांचा एक जुना माग आणून भिंतीपलीकडं बसवला. त्यावर टॉवेल निघायचे आणि त्यातून विजेचं बिलही सुटायचं नाही. आप्पा भिंतीला डोकं लावून त्याच्या थरथरीवर सहा वर्षं झोपले आणि झोपेतच गेले.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारनंतरच्या आठवड्यात मी एसटीनं पुण्याला निघाले होते. बस जयसिंगपूरच्या स्टँडवर थांबली असताना मगदूमचा फोन आला.

"ताई, रबरी बुश आलेत. गाडी कधी लावताय?"

"परत पाठवा ते."

"का? हादरायची थांबली व्हय आपोआप?"

"नाही. हादरतेय की चांगली."

"मग?"

"राहू दे तशीच. कडक आहे गाडी."

मगदूमला आता धडा मिळालेला होता.

"कुठलं कडक ताई? आधी सांगा."

"दोन्ही," मी म्हटलं.